कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि विचारधारा सोडल्याचा आरोप

२९ डिसेंबर हा कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचा स्मृतिदिन. १९७१ साली याच दिवशी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दरवर्षी या दिवशी विहारांमध्ये त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, काळाराम मंदिर सत्याग्रह आणि भूमिहीनांचा सत्याग्रह या दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि कार्यक्रम संपतो. त्यांच्या आयुष्यातला एक मोठा भाग मात्र आपण टाळतो. ज्या माणसाने चाळीस वर्षे चळवळीसाठी दिली, त्याच्यावर बाबासाहेबांच्या विचारांपासून ढळल्याचा आरोप एकदा नव्हे, दोनदा झाला. तोही आपल्याच माणसांनी केला.

आम्ही वस्त्यांमध्ये तरुणांसोबत काम करतो. निवडणुका जवळ आल्या की अभ्यासवर्गात एकच विषय निघतो. अमुक नेता त्या पक्षाच्या मांडीवर जाऊन बसला, तमुक नेत्याने निळा झेंडा गहाण टाकला, सगळे गद्दार. हा राग खोटा नाही. फसवणूक झालेल्या समाजाचा तो राग आहे. पण विचारधारा सोडली म्हणजे नेमके काय सोडले, असे विचारले की उत्तर मिळत नाही. कोणासोबत फोटो काढला, कोणाच्या मंचावर गेला, एवढ्यावरच निकाल लागतो. म्हणून यंदाच्या स्मृतिदिनी दादासाहेबांचे आयुष्य आम्ही याच प्रश्नाच्या अंगाने मांडत आहोत.

आंब्यापासून काळारामापर्यंत

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे या गावी झाला. महार समाजातले हे घर. नाशिक म्हणजे तीर्थक्षेत्र. गोदावरीच्या काठी देशभरातून लोक पुण्य मिळवायला येत आणि त्याच गावात अस्पृश्यांना मंदिराची पायरी चढता येत नसे. या विसंगतीतच भाऊरावांची जडणघडण झाली. तरुण वयातच ते बाबासाहेबांच्या कामात आले आणि बाबासाहेबांचे नाशिकमधले सर्वात भरवशाचे सहकारी बनले.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव होते. मंदिराच्या दरवाजांवर सत्याग्रहींच्या तुकड्या बसवणे, खेड्यापाड्यांतून माणसे आणणे, त्यांच्या भाकरीची सोय करणे, पकडले गेलेल्यांच्या घरी निरोप पोहोचवणे, ही सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. पुढे बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तेव्हाही सत्याग्रह थांबला नाही. तो जिवंत ठेवला तो नाशिकच्या माणसांनी आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या भाऊरावांनी. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली असंख्य पत्रे नंतर वसंत मून यांनी संकलित केली. दोघांमध्ये किती विश्वास होता ते त्या पत्रांवरून कळते.

त्याच पत्रांमधले मार्च १९३४ चे एक पत्र आजच्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावे. त्यात बाबासाहेबांनी मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह पुढे चालवू नये असा सल्ला दिला. मूर्तिपूजा ही आपली गरज नव्हती, समाजाला जागे करणे हा हेतू होता आणि आता शक्ती शिक्षणाकडे व राजकारणाकडे वळवावी, असा त्याचा आशय होता. चार वर्षे ज्या दरवाजासमोर लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला, तो दरवाजा सोडून द्यायचा होता. आजच्या भाषेत सांगायचे तर भूमिका बदलायची होती. भाऊरावांनी ती बदलली. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली. ज्या जिल्ह्याने रामाच्या दारात सत्याग्रह केला, त्याच जिल्ह्याने धर्मांतराची घोषणा ऐकली. मार्ग बदलला होता. माणसाला माणूस म्हणून जगता यावे, हे उद्दिष्ट होते तिथेच राहिले.

जमिनीचा प्रश्न कोणाचा?

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत भाऊराव नाशिकमधून मुंबई विधानसभेत निवडून गेले. हा पक्ष केवळ अस्पृश्यांचा नव्हता. कामगार, कूळ, शेतमजूर यांचा पक्ष म्हणून तो उभा केला होता. कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा विधिमंडळावर गेला, त्यात आपले कार्यकर्ते होते आणि कम्युनिस्टही होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. बाबासाहेब आणि डांगे एका मंचावर आले.

बाबासाहेबांना कम्युनिझम मान्य होता, असा याचा अर्थ मुळीच नाही. प्रश्न कामगाराचा होता आणि त्या प्रश्नापुरती सोबत होती. बाबासाहेबांची राजकीय रीत यातून दिसते आणि भाऊरावांनी ती पक्षाचे आमदार म्हणून आतून पाहिली होती.

पुढे १९४७ मध्ये बाबासाहेबांनी राज्ये आणि अल्पसंख्याक हे निवेदन संविधान सभेसाठी तयार केले. शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, ती जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हा भेदच उरू नये, असे त्यात मांडले आहे. जमिनीचा प्रश्न हा दुसऱ्या कोणाकडून उसना घेतलेला नाही, तो बाबासाहेबांच्या कार्यक्रमाच्या गाभ्यातला आहे, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे. १९५३ मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांनी पडीक आणि गायरान जमिनींसाठी सत्याग्रह केला. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या या लढ्यात दादासाहेब पुढे होते आणि तेव्हा बाबासाहेब हयात होते.

पोरका पक्ष

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मधले दिवस मोजले तर दोन महिनेही होत नाहीत. नव्या धम्माची घडी बसलेली नव्हती, नव्या पक्षाची फक्त कल्पना होती आणि निवडणूक दारात होती.

१९५७ ची ती निवडणूक फेडरेशनने संयुक्त महाराष्ट्र समितीसोबत लढवली. समितीत समाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता, कम्युनिस्ट होते. दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले. बी. सी. कांबळे कोपरगावमधून लोकसभेवर गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, एन. शिवराज अध्यक्ष झाले.

आणि दोन वर्षांत पक्ष फुटला. बी. सी. कांबळे यांनी वेगळा गट केला. त्यांच्या गटाला दुरुस्त रिपब्लिकन आणि दादासाहेबांच्या गटाला नादुरुस्त रिपब्लिकन अशी नावे पडली. दुरुस्त गटाचा मुख्य आक्षेप असा होता की दादासाहेब पक्षाला कम्युनिस्टांच्या दावणीला बांधत आहेत, मोर्चे आणि सत्याग्रह यांच्या मागे लागून बाबासाहेबांचा संविधानाचा मार्ग सोडत आहेत. त्यातच शिकलेले आणि न शिकलेले, शहरातले आणि खेड्यातले असा भेदही मिसळला. दादासाहेब धोतर नेसत, खेड्यातल्या माणसाच्या भाषेत बोलत. शहरातल्या वकील-पदवीधर मंडळींना हे नेतृत्व मागासलेले वाटे. पँट आणि धोतर यांचा तो वाद होता, असे जुने कार्यकर्ते आजही सांगतात. समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर एका पिढीच्या शिक्षणाने समाजात जो नवा मध्यमवर्ग तयार झाला, त्याचे हितसंबंध आणि भूमिहीन बहुसंख्येचे हितसंबंध पहिल्यांदाच उघडपणे एकमेकांसमोर आले.

आरोप करणाऱ्यांची बाजू

दादासाहेबांवर प्रेम आहे म्हणून आरोप करणाऱ्यांना खोटे ठरवणे सोपे आहे. आम्हाला ते योग्य वाटत नाही. त्यांच्या हातात भक्कम आधार होते.

१९५१ च्या फेडरेशनच्या जाहीरनाम्यात बाबासाहेबांनी कोणाशी युती करायची नाही ते लिहून ठेवले होते. हिंदू महासभा आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांच्याशी नाही, कारण ते प्रतिगामी. कम्युनिस्टांशी नाही, कारण व्यक्तिस्वातंत्र्य आणि संसदीय लोकशाही मोडून हुकूमशाही आणणे हे त्यांचे उद्दिष्ट. १९५२ च्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबईत पराभूत झाले. कम्युनिस्टांनी मते वाया घालवण्याचा प्रचार केला, ही तक्रार घेऊन ते निवडणूक न्यायाधिकरणापर्यंत गेले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात, संविधानिक मार्ग खुले असताना सत्याग्रहासारखे मार्ग सोडून द्यावेत असे त्यांनी बजावले होते. आणि महापरिनिर्वाणाच्या अवघ्या काही दिवस आधी, नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करून हिंसेचा आणि हुकूमशाहीचा मार्ग नाकारला होता.

हे सगळे खरे आहे. एखाद्या तरुणाने एवढेच वाचले तर त्याला दादासाहेब चुकले असेच वाटेल.

आता दुसरी बाजू पाहू. १९५७ साली समितीत कम्युनिस्ट होते आणि त्याच समितीच्या बळावर दादासाहेब निवडून आले तसे कांबळेही निवडून आले. सोबतच वाईट असेल तर ती दोघांनाही लागू होते. दुसरे, दादासाहेबांनी कम्युनिस्टांचा कार्यक्रम घेतला नाही. त्यांनी हुकूमशाही मागितली नाही, हत्यार उचलले नाही. त्यांनी पडीक जमीन मागितली आणि ती मागण्यासाठी माणसे शांतपणे तुरुंगात गेली. तिसरे, संविधानिक मार्गाने भूमिहीनाला काय मिळत होते तेही पाहावे लागते. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनाने जमीन कसणाऱ्या कुळाला दिली. पण आपला माणूस बहुतेक ठिकाणी कूळ नव्हताच. तो सालगडी होता, मजूर होता किंवा वतनाच्या तुकड्यावर गावकी करणारा होता. कायद्याच्या कागदावर त्याचे नावच नव्हते. १९५८ च्या कायद्याने महार वतन नष्ट झाले, गावकीच्या गुलामीतून सुटका झाली, हे मोठे काम झाले. मात्र ज्यांच्याकडे वतनाची जमीनही नव्हती, त्यांच्या हाती काहीच आले नाही.

१९५९ मध्ये रिपब्लिकन पक्षाने नाशिक, खानदेश आणि मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह केला. हजारो माणसे अटकेत गेली. ज्या वर्षी दादासाहेबांवर विचारधारा सोडल्याचा आरोप झाला, त्याच वर्षी ते विचारधारेतला सर्वात कठीण भाग गावोगाव घेऊन जात होते.

१९६४ : सगळ्यांसाठीचा सत्याग्रह

१९६२ मध्ये दादासाहेब राज्यसभेवर गेले आणि १९६८ पर्यंत तिथे होते. १९६४ मध्ये एन. शिवराज यांचे निधन झाले आणि पक्षाची धुरा दादासाहेबांवर आली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन दिले. संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, कसणाऱ्याला जमीन मिळावी, पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी, धान्याच्या किमती आवाक्यात आणाव्यात, झोपडपट्टीतल्या माणसाला संरक्षण द्यावे, किमान वेतनाचा कायदा अमलात आणावा, अनुसूचित जातींच्या सवलती बौद्ध झालेल्यांनाही द्याव्यात, राखीव जागा भराव्यात, अशा त्या मागण्या होत्या.

ही यादी सावकाश वाचावी. यात भूमिहीन आहे, शहरातला झोपडीवासी आहे, नोकरीची वाट पाहणारा पदवीधर आहे, धम्म स्वीकारल्याची किंमत मोजणारा बौद्ध आहे. पँट आणि धोतर दोन्ही या एका कागदावर आले होते. स्वतंत्र मजूर पक्षाचा विचार आणि रिपब्लिकन पक्षाचा विचार इथे एकत्र झाला.

६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. तो दोन महिन्यांच्या आसपास चालला. पक्षाच्या सांगण्यानुसार तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करून घेतली. बायका कडेवर मुले घेऊन तुरुंगात गेल्या. नाशिकच्या शांताबाई दाणी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी स्त्रियांच्या तुकड्यांचे नेतृत्व केले. उत्तर प्रदेशात आणि पंजाबातही लोक रस्त्यावर आले. स्वतंत्र भारतात भूमिहीनांनी आपल्या झेंड्याखाली, आपल्या नेतृत्वाखाली केलेला एवढा मोठा लढा त्यानंतर झालेला नाही. जमिनीची मागणी सरकारने काही अंशी मान्य केली, वाटपाची आश्वासने दिली. २ एप्रिल १९६७ रोजी संसदेच्या आवारात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. बौद्धांच्या सवलतींना मात्र केंद्रात १९९० सालापर्यंत वाट पाहावी लागली.

पहिल्या आरोपाचे उत्तर दादासाहेबांनी भाषणातून दिले नाही. ते या सत्याग्रहातून मिळाले.

१९६७ : दुसरा आरोप

दुसरा आरोप अधिक अवघड आहे. तो आम्ही सौम्य करून सांगणार नाही.

१९६७ मध्ये दादासाहेबांनी महाराष्ट्रात काँग्रेसशी, म्हणजे यशवंतराव चव्हाण यांच्याशी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीसाठी युती केली. ज्या काँग्रेसला बाबासाहेबांनी जळते घर म्हटले असे प्रत्येक कार्यकर्ता सांगत आला होता, ज्या काँग्रेसच्या सरकारने तीनच वर्षांपूर्वी आपल्या लाखो माणसांना तुरुंगात टाकले होते, त्या काँग्रेसशी ही युती होती. काल दादासाहेबांना कम्युनिस्ट म्हणणारे आज त्यांना काँग्रेसचे म्हणू लागले. पक्षातलेही अनेक दुखावले.

युती का केली, हे समजून घेतले पाहिजे. एक कारण धम्मांतराशी जोडलेले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना आणि १९५६ नंतर शिखांना होता. बौद्ध झालेला माणूस राखीव मतदारसंघातून उभा राहू शकत नव्हता. म्हणजे जो पक्ष बौद्धांच्या बळावर उभा होता, त्याच्या प्रामाणिक बौद्ध नेत्यांना राखीव जागा बंद आणि खुल्या जागेवर एकट्याच्या मतांनी विजय अशक्य. १९६२ च्या लोकसभेत पक्षाचे तिन्ही खासदार उत्तर प्रदेशातून आले, महाराष्ट्रातून एकही नाही. दुसरे कारण गावातले होते. १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, विहीर, रस्ता, अनुदान, सगळे तिथून वाटले जाऊ लागले. तिथे आपला माणूस नसेल तर वस्तीला पाणीसुद्धा मिळणार नव्हते. तिसरे, वतन नष्ट करणे आणि राज्याच्या पातळीवर बौद्धांना सवलती देणे या गोष्टी यशवंतरावांच्या काळात झाल्या होत्या. त्यामुळे त्यांच्याविषयी काही विश्वास होता.

कारणे समजतात. परिणामही पाहावे लागतात. यशवंतराव बेरजेचे राजकारण करत. त्यांची बेरीज झाली ती आपल्या वजाबाकीतून. रा. धों. भंडारे आधीच काँग्रेसमध्ये गेले होते आणि १९६७ ला काँग्रेसचे खासदार झाले. दादासाहेब रुपवते गेले. युतीत आपल्या वाट्याला आलेल्या जागा थोड्या होत्या आणि त्या कोणाला मिळाव्यात यावरून भांडणे जास्त. १९६४ मध्ये जी यंत्रणा लाखो माणसांना तुरुंगापर्यंत नेऊ शकली, ती तिकिटांच्या वाटाघाटीत अडकली. जमिनीचे वाटप अर्धवट राहिले आणि त्याचा जाब विचारायला रस्त्यावर येणारा पक्ष आता सत्ताधाऱ्यांचा मित्र होता. १९७० च्या सुमारास राजाभाऊ खोब्रागडे यांचा गट आणि दादासाहेबांचा गट वेगळे झाले. १९७१ च्या अखेरीस दादासाहेब गेले, तेव्हा पक्षाचे तुकडे झालेले होते.

आमचे मत असे आहे. दादासाहेब स्वतः काँग्रेसमध्ये गेले नाहीत. ते रिपब्लिकन म्हणून जगले आणि रिपब्लिकन म्हणूनच गेले. १९६८ ला त्यांना पद्मश्री मिळाली, पण मंत्रिपदासाठी त्यांनी पक्ष विकला असे कोणी म्हणू शकत नाही. तरीही १९६७ ची युती ही चूक होती. काँग्रेसशी हात मिळवला म्हणून ती चूक नव्हती. युतीच्या बदल्यात १९६४ च्या मागण्या मुदतीसह लिहून घेतल्या गेल्या नाहीत आणि त्या मान्य झाल्या नाहीत तर पुन्हा सत्याग्रह करण्याची तयारी राखून ठेवली गेली नाही, ही चूक होती. १९३८ ला बाबासाहेब कम्युनिस्टांच्या सोबत गेले तेव्हा मागणी पुढे होती आणि सोबत मागे. १९६७ ला सोबत पुढे आली आणि मागणी मागे पडली. एवढ्या मोठ्या माणसाकडूनही ही चूक होऊ शकते, हे मान्य करण्यात त्यांचा अपमान नाही.

आरोपाचेही परिणाम असतात

दादासाहेब गेल्यानंतर काही महिन्यांतच, १९७२ मध्ये, दलित पँथर उभी राहिली. गटबाजी आणि लाचारी यांना कंटाळलेल्या तरुणांची ती संघटना होती. १९७३ च्या जाहीरनाम्यानंतर तिथेही तोच वाद पेटला. नामदेव ढसाळ कम्युनिस्ट झाले, बुद्धाचा मार्ग सोडला, असा आरोप झाला आणि १९७४ मध्ये पँथर फुटली. पंधरा वर्षांत दोन संघटना एकाच आरोपावर फुटल्या. दोन्ही वेळा भूमिहीनाचा आणि मजुराचा प्रश्न मध्येच राहून गेला. ज्याच्या नावाने भांडण झाले, त्याच्या हाती काही आले नाही.

विचारधारेवरून प्रश्न विचारूच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. विचारलेच पाहिजेत. भगवान बुद्धांनी स्वतःचे वचनसुद्धा तपासून घ्यायला सांगितले, तिथे नेत्याची काय कथा. पण तपासण्याचे माप हवे. दादासाहेबांच्या आयुष्यातून आम्हाला तीन गोष्टी वेगळ्या करता येतात. साधन बदलणे, सोबती बदलणे आणि मागणी सोडणे. १९३४ ला साधन बदलले, तो विचारद्रोह नव्हता. १९५७ ला सोबती बदलले, तोही नव्हता. मागणी सोडली जाते तिथे विचारधारा सुटते, मग नेता कोणाच्याही सोबत असो किंवा अगदी एकटा असो. एकटे राहून, शुद्ध राहून, एकही मागणी न लढवणारे नेतेही आपण पाहिले आहेत. त्यांना कोणी गद्दार म्हणत नाही.

तेव्हा उद्या तुमच्या भागातला नेता युती करेल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. युतीआधी कोणती मागणी लढवत होता? युतीच्या कागदात ती आहे का? आणि वर्षभराने त्या मागणीसाठी तो सभागृहात किंवा रस्त्यावर उभा राहिला का? ही उत्तरे मिळवायला सभागृहातले प्रश्न, पक्षाची पत्रके, स्थानिक कार्यालयातली कागदपत्रे पाहावी लागतील. मोबाइलवर गद्दार लिहिण्यापेक्षा हे काम जास्त कष्टाचे आहे. नेत्यांना या कामाचीच भीती वाटते.

आज महाराष्ट्र शासनाची भूमिहीनांसाठीची योजना दादासाहेबांच्याच नावाने आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद त्यात आहे. आम्ही ज्या वस्त्यांत जातो, तिथे हे नाव ऐकलेले लोक आहेत, जमीन मिळालेले लोक शोधावे लागतात. शासन जमीन विकत घेऊन देणार, पण गावात जमीन विकायला कोणी तयार नाही, असे उत्तर मिळते. दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणाऱ्या कुटुंबांना अतिक्रमण हटवण्याच्या नोटिसा येतात. १९६४ च्या निवेदनातली दुसरी आणि तिसरी मागणी आजही तशीच उभी आहे.

यंदा आपल्या विहारात स्मृतिदिन साजरा करताना एक गोष्ट करावी, अशी आमची विनंती आहे. आपल्या तालुक्यात या योजनेसाठी किती अर्ज गेले आणि किती कुटुंबांना जमीन मिळाली, याची माहिती मागणारा एक माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी लिहावा आणि समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात द्यावा. मिळालेले उत्तर १४ एप्रिलच्या कार्यक्रमात, तिथे आलेल्या प्रत्येक पक्षाच्या नेत्यासमोर वाचून दाखवावे. विचारधारा कोणी सोडली आणि कोणी धरून ठेवली, ते त्यातून आपोआप कळेल.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!

नमो बुद्धाय! जय भीम!